मिळकतकर आणि आपली वडीलधारी माणसे



धम्माच्या व्यासपीठावरून महापालिकेच्या बिलाविषयी बोलतो म्हणून कोणी नाराज होऊ नये. तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यांत ऋण नसण्याचे सुख एक आहे. आपल्या अनेक वृद्धांचे हे सुख करापायी हिरावले जात आहे.

मी बँकेत कारकून आहे. एक मावशी मार्च महिन्यात येऊन छोटी मुदतठेव मोडून नेत. दोन वर्षे मी मुकाट्याने व्हाउचर केले, कशासाठी ते विचारले नाही. तिसऱ्या वर्षी विचारले, तेव्हा त्यांनी पिशवीतून घरपट्टीचे बिल काढले आणि म्हणाल्या, "भाऊ, घर माझं आहे, मग हे भाडं मी कुणाला भरते?" मला उत्तर देता आले नाही. दोन वर्षे न विचारल्याची लाज मात्र वाटली.

बिल पाहिले तर 40 टक्के सवलतच नव्हती. पुण्यात मालक स्वतः राहत असलेल्या घराला ही सवलत 1970 पासून होती. शासनाने ती रद्द केल्यावर 1 एप्रिल 2019 पासून नव्याने आकारणी झालेल्या घरांना ती मिळेनाशी झाली. 2023 साली मंत्रिमंडळाने ती पुन्हा लागू केली, पण नव्या घरमालकांना त्यासाठी पीटी-3 अर्ज व स्वतः राहत असल्याचा पुरावा देणे आले. मावशींनी जुनी खोली विकून 2020 मध्ये लहानसा फ्लॅट घेतलेला. अर्ज असतो हेच त्यांना माहीत नव्हते.

सवलत 40 टक्के, म्हणजे ती गेल्यावर बोजा 40 टक्क्यांनी वाढतो असे आपण समजतो. तसे नाही. वार्षिक भाडे 20,000 रुपये धरले आणि दुरुस्तीचे 10 टक्के वजा केले, तर सवलतीसह करपात्र रक्कम 10,800 येते, सवलतीविना 18,000. म्हणजे वाढ दोन तृतीयांश! त्यातून थकबाकी राहिली तर दरमहा 2 टक्के शास्ती, वर्षाला 24 टक्के. ठेवीवर एवढे व्याज कोणती बँक देते? म्हणून ठेव मोडून कर भरला हे मावशींनी शहाणपणाचेच केले. दुःख एवढेच, की भरायला नको ती रक्कमही भरली.

बाबासाहेबांनी 1927 साली मुंबई कायदे कौन्सिलात अर्थसंकल्पावर बोलताना शेतसाऱ्यातला अन्याय दाखवला होता. उत्पन्न नसेल तर आयकर नाही, पण शेतकऱ्याला पीक येवो न येवो, सारा भरावाच लागतो. मिळकतकराचे तेच आहे. तो भिंती मोजतो, घरातली चूल पेटते की नाही हे पाहत नाही. ईपीएस-95 ची किमान पेन्शन 2014 पासून 1,000 रुपये आहे. तेवढ्यावर जगणाऱ्याला आणि बंगल्यातल्या सुखवस्तू निवृत्ताला पुण्याची ही सवलत सारखीच, कारण तिचा आधार वय नाही, उत्पन्नही नाही. मुंबईत 2022 पासून 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना करमाफी मिळाली, पण तिथेही मोजमाप क्षेत्रफळाचे. नुसत्या साठीच्या दाखल्यावर सूट द्या असे मी म्हणणार नाही, ती बंगलेवालेच आधी उचलतील. श्रावणबाळ योजनेच्या लाभार्थ्यांचे उत्पन्न तहसील कचेरीने तपासलेलेच असते. निदान त्यांच्या राहत्या घराचा कर माफ व्हावा, असे निवेदन आपल्या संस्थेने द्यावे, ही माझी सूचना आहे.

आणखी एक अडचण. बिल अजून दिवंगत पतीच्या नावावर असते, नाव लावायला कोणी गेलेले नसते. मुले म्हणतात, आईनंतर बघू. त्यांना मी काय बोलणार? अर्जाच्या वेळी मात्र गाडे तिथेच अडते.

मावशींचा अर्ज आम्ही भरून दिला आहे. तुमच्या घरी वृद्ध असतील तर येत्या रविवारी वंदनेनंतर मी विहारात थांबणार आहे. शेवटचे मिळकतकराचे बिल, रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र आणि घर सोसायटीत असेल तर सोसायटीचे पत्र घेऊन या. चष्मा आठवणीने आणा, बिलावरचे अक्षर फार बारीक असते. जयभीम.