निवड, फॉर्म आणि 'आपला माणूस'

(मंडळाच्या गणेशोत्सवात हुडको, भिलाई येथे दिलेले व्याख्यान)



क्रिकेटवर बोलण्यासाठी मला येथे उभे केले आहे, त्यामागे माझा काही अधिकार आहे असा समज कृपया करून घेऊ नये. शाळेच्या संघातही मी पहिल्या अकरांत कधी नव्हतो. मात्र प्रथम रेडिओजवळ आणि पुढे दूरदर्शनसमोर बसून कित्येक वर्षे मी भारताचा संघ निवडीत आलो आहे, आणि निवड समितीने माझा एकही संघ अद्याप मान्य केलेला नाही. एवढ्या अनुभवाच्या बळावर मी हे धाडस करीत आहे.

संघ जाहीर झाला की आपल्या हुडकोत, चहाच्या टपरीवर, पाळी संपवून परतणाऱ्या मंडळींत एक वाक्य हटकून ऐकू येते : "आपल्या माणसावर अन्याय झाला." यातील 'अन्याय' या शब्दाची चिकित्सा वर्तमानपत्रे रोजच करतात. मला आज 'आपल्या' या शब्दाकडे पाहावयाचे आहे. आपण मराठी आहोत आणि भिलाईकरही आहोत. त्यामुळे हा शब्द आपल्या तोंडी जरा अवघड होऊन बसतो.

आरंभ घरापासून करू. राजेश चौहान यांचा जन्म रांचीचा, पण क्रिकेट भिलाईचे. १९९३ च्या जानेवारीत कलकत्त्याच्या इडन गार्डन्सवर इंग्लंडविरुद्ध ते प्रथम कसोटी खेळले. अझरुद्दीन कर्णधार होते आणि आपले अजित वाडेकर संघाचे व्यवस्थापक. कुंबळे, व्यंकटपती राजू आणि चौहान अशी फिरकीची तिकडी त्या मालिकेत उभी राहिली आणि भारताने ती मालिका ३-० अशी जिंकली. चौहान एकंदर २१ कसोटी खेळले, ४७ बळी मिळविले, सरासरी ३९ हून थोडी अधिक. केवळ आकडे पाहणारा मनुष्य म्हणेल की हा काही मोठा गोलंदाज नव्हे. परंतु या २१ कसोट्यांपैकी एकही भारताने गमावली नाही! मला यात योगायोगाचा भाग नाकारावयाचा नाही. मायदेशातील खेळपट्ट्यांचा वाटाही मोठाच आहे. तरीही एका टोकाने धावा रोखून धरणारा गोलंदाज असला की दुसऱ्या टोकाच्या कुंबळेला निर्धास्तपणे आक्रमण करता येते, ही गोष्ट सरासरीच्या रकान्यात कोठे लिहिली जाते?

१९९८ साली मार्क टेलरचा ऑस्ट्रेलियन संघ आला. चेन्नईत भारत जिंकला, कलकत्त्यात एक डाव आणि २१९ धावांनी जिंकला. दोन्ही सामन्यांत चौहान होते. बंगलोरच्या तिसऱ्या कसोटीत ते नव्हते. त्यांच्या जागी एक सतरा वर्षांचा सरदारजी उतरला आणि भारत हरला. त्या दिवशी भिलाईत काय बोलले गेले ते येथील जुन्या मंडळींना ठाऊकच आहे. त्या बोलण्यात मीही होतो. पण तो सतरा वर्षांचा मुलगा हरभजन सिंग होता, आणि पुढे त्याने ४१७ कसोटी बळी घेतले. चौहान त्यानंतर पुन्हा कसोटी खेळले नाहीत. आता त्या निवडीला चूक म्हणावे काय? मला ते जमत नाही. ती निवड मला आवडली नाही, इतकेच मी म्हणेन. या दोहोंतील अंतर ओळखण्यास मला बरीच वर्षे लागली.

आता आपल्या दुसऱ्या 'आपल्या'कडे वळू. पद्माकर शिवलकर हे नाव काढले की मराठी रसिकाचा स्वर बदलतो. १२४ प्रथम श्रेणी सामने, ५८९ बळी, सरासरी २० च्याही आत. १९७२-७३ चा रणजी अंतिम सामना मद्रासला झाला. तमिळनाडूच्या पहिल्या डावात शिवलकरांनी १६ धावांत ८ आणि दुसऱ्यात १८ धावांत ५ बळी घेतले, आणि पाच दिवसांचा म्हणून ठरविलेला सामना तिसऱ्या दिवशीच्या पहिल्या चेंडूवर संपला. हा गृहस्थ भारताकडून एकही कसोटी खेळला नाही. कारण सर्वांना पाठ आहे : बिशनसिंग बेदी. त्या डावखुऱ्या कलावंताने ६७ कसोट्यांत २६६ बळी घेतले, तेव्हा त्याला बाजूस सारून शिवलकरांना घ्यावे असे म्हणणारा मनुष्य शहाणा नव्हे.

"दोन डावखुरे फिरकी गोलंदाज एकत्र कसे खेळविणार?" हा युक्तिवाद मात्र मला कधी पटला नाही. ऑस्ट्रेलियात शेन वॉर्नच्या छायेत स्टुअर्ट मॅकगिल वाढला. तोही लेगस्पिनर, हाही लेगस्पिनर. १९९९ च्या जानेवारीत सिडनीला इंग्लंडविरुद्ध दोघांनाही खेळविले आणि त्या सामन्यात मॅकगिलने १२ बळी घेतले. वॉर्न असतानाच्या काळातला हा मनुष्य ४४ कसोट्या खेळून २०८ बळी नावावर लावून गेला. आपल्याकडे त्याला बहुधा रणजीतच म्हातारे व्हावे लागले असते. शिवलकर झालेच. १९८७-८८ साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, मुंबईने त्यांना पुन्हा दोन सामन्यांसाठी बोलाविले आणि ते गेले.

येथवर माझ्याशी सर्व सहमत असतील. पुढचे थोडे बोचेल. १९७४ च्या नोव्हेंबरात वेस्ट इंडीजविरुद्ध बंगलोर कसोटीत बेदींना शिस्तीच्या कारणावरून बाहेर ठेवण्यात आले. डावखुऱ्या फिरकीची जागा खरोखरच रिकामी झाली. त्या जागेसाठी संघात बोलाविले होते हरियाणाच्या राजिंदर गोएल यांना, ज्यांच्या नावावर पुढे ७५० प्रथम श्रेणी बळी जमा झाले. सामना सुरू झाला तेव्हा गोएल अकरांत नव्हते. त्यांनाही कसोटी कधी मिळाली नाही. बेदी होते म्हणून दोघांना संधी मिळाली नाही हे समजण्यासारखे आहे. बेदी नसतानाही मिळाली नाही, हे समजण्यासारखे नाही. खरा अन्याय मला त्या एका सकाळी दिसतो, आणि तो गोएलांवर झाला. आपण मात्र आजवर गळा काढला तो शिवलकरांसाठी.

हाच प्रकार अलीकडचा. करुण नायर याने २०१६ च्या डिसेंबरात चेन्नईला इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३ धावा केल्या आणि पुढच्याच कसोटीत त्याला बसावे लागले, कारण दुखापतीतून बरा झालेला अजिंक्य रहाणे परत आला होता. जागा रहाणेची होती, हे तत्त्व म्हणून ठीकच. पण त्रिशतक काढणारा मुंबईचा असता आणि परतणारा कर्नाटकचा, तर आपण हेच तत्त्व मांडले असते काय? मी तरी मांडले नसते. पुढे नायर विदर्भाकडून खेळू लागला आणि लगेच आपला झाला. २०२४-२५ च्या विजय हजारे स्पर्धेत ७७९ धावा, रणजीच्या अंतिम सामन्यात शतक. तेव्हा मी त्याच्या पुनरागमनासाठी तावातावाने भांडलो. २०२५ मध्ये इंग्लंडमध्ये त्याला चार कसोट्या मिळाल्या, त्याने २०५ धावा केल्या आणि पुढील मालिकेत त्याला वगळले. ते वगळणे योग्यच होते असे माझे मत आहे. चार कसोट्या पुरेशा असतात. देणे राहिले होते ते २०१७ सालचे, आणि ते आठ वर्षांनी व्याजासह फेडता येत नाही. तोवर माणूस तेहतीस वर्षांचा झालेला असतो.

२०२२ च्या जूनमधील गंमत तर आपल्यातील पुष्कळांना स्मरत असेल. रणजीच्या अंतिम सामन्यात मुंबई आणि मध्यप्रदेश समोरासमोर. भिलाईच्या मुलांना वर्षानुवर्षे मध्यप्रदेशच्या संघातून, म्हणजे इंदूरच्या वाटेने जावे लागे. छत्तीसगढ़ला क्रिकेट मंडळाचे पूर्ण सदस्यत्व २०१६ साली मिळाले, राज्य होऊन सोळा वर्षे लोटल्यावर. तेव्हा जुन्या सवयीने मध्यप्रदेशही आपला, मुंबई तर आपलीच, आणि मध्यप्रदेशला घडविणारा प्रशिक्षक चंद्रकांत पंडित हा मुंबईचा मराठी माणूस! आमच्या घरात त्या दिवशी दोन तट पडले. मध्यप्रदेशने सामना सहा गडी राखून जिंकला, आणि आयुष्यात प्रथमच, हरलेल्या बाजूवर अन्याय झाला असे आमच्याकडे कोणी म्हटले नाही.

आता विदर्भाच्या हर्ष दुबे याने २०२४-२५ च्या रणजी हंगामात ६९ बळी घेऊन एका हंगामातील बळींचा विक्रम केला. तोही डावखुरा फिरकी गोलंदाज, आणि त्या वर्षी भारतीय संघात त्याच्यापुढे रवींद्र जडेजा आणि अक्षर पटेल, दोघेही डावखुरे. नागपूरहून येथे आलेली मंडळी त्याच्यासाठी उद्या भांडतील, मीही भांडेन. त्या वेळी जर छत्तीसगढ़चा कोणी पंजाबी किंवा तेलुगू घरातला, आपल्याच सेक्टरात वाढलेला मुलगा त्याच जागेसाठी उभा असेल, तर दोघांचे आकडे एका कागदावर शेजारी शेजारी लिहून, नावे झाकून मला दाखवा. मग मी माझे मत सांगेन.

अध्यक्षमहाराजांनी दिलेली वेळ संपली आहे आणि माझा संघ जाहीर करावयाचा राहून गेला. त्यातील दहा नावे पक्की आहेत. अकराव्याबद्दल चहाच्या वेळी बोलू.