उल्लेखांची मोजदाद आणि संशोधनाचे मोल



शास्त्रज्ञाने लिहिलेला कोणताही शोधनिबंध उघडून पाहिला, तर त्याच्या शेवटी एक यादी आढळते. या विषयावर आपल्या आधी कोणी काय लिहिले आणि त्यांपैकी कोणाचा आधार आपण घेतला, याची ती कबुली असते. घेतलेले ऋण नोंदवावे, हा शास्त्राच्या व्यवहारातला शिरस्ताच आहे. आजचा माझा विषय या ऋणांच्या हिशेबाचा आहे. हा हिशेब कसा सुरू झाला, त्यातून काय कळते, आणि त्याच्यावर माणसांच्या नोकऱ्या व बढत्या ठरू लागल्यावर काय घडले, एवढेच मी आपल्यापुढे मांडणार आहे.

आरंभ मोठा साधा आहे. 1927 साली अमेरिकेत ग्रॉस आडनावाच्या दोघा लेखकांनी एक प्रश्न विचारला : लहान कॉलेजाच्या ग्रंथालयाने रसायनशास्त्राची कोणती नियतकालिके घ्यावीत? पैसा थोडा, नियतकालिके फार. त्यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकाचे 1926 सालचे अंक घेतले, त्यांतले 3,633 संदर्भ मोजले, आणि कोणत्या नियतकालिकाचा आधार किती वेळा घेतला गेला ते पाहिले. ज्याचा उपयोग अधिक, ते आधी घ्यावे. चार पैसे जपून खर्च करणाऱ्या गृहिणीचेच हे शहाणपण!

पुढची पायरी वकील मंडळींना लगेच पटेल. अमेरिकेत 1873 पासून शेपर्ड नावाच्या गृहस्थांनी न्यायनिवाड्यांची एक सूची चालविली होती. अमुक निवाड्याचा पुढे कोणत्या खटल्यांत आधार घेतला गेला आणि कोठे तो अमान्य झाला, हे तीत सापडे. युजीन गारफिल्ड यांनी 1955 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात सुचविले की, शास्त्रासाठीही असेच करावे. निबंधाखालची यादी मागे पाहते. ती उलटी फिरवली की पुढचे दिसते. या निबंधाचा नंतर कोणी उपयोग केला, कोणी तो खोडून काढला, हे कळते. 1964 पासून फिलाडेल्फियाहून त्यांची ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ नियमित निघू लागली.

या सूचीचा उपयोग करून डेरेक प्राइस या विज्ञानेतिहासकाराने 1965 साली एक चित्र उभे केले. कोणतेही एक वर्ष घ्या : उपलब्ध निबंधांपैकी सुमारे 35 टक्क्यांचा उल्लेख त्या वर्षात कोणीच करीत नाही, आणखी 49 टक्क्यांचा एकदाच होतो, सहा किंवा अधिक वेळा होतो तो अवघ्या एका टक्क्याचा. ही विषमता का? 1976 साली प्राइस यांनी तिचे गणित मांडले. ज्या निबंधाचे नाव आधीच पुष्कळ यादींत आहे, तो नव्या अभ्यासकाच्या नजरेस लवकर पडतो आणि त्याच्या यादीतही जातो. आहे त्यालाच आणखी मिळते. पैशाला पैसा ओढतो, असे आपण म्हणतोच. तेव्हा मोठ्या आकड्यात गुणाबरोबर आधी पोचण्याचे भाग्यही मिसळलेले असते.

शिवाय आकडा कशाचा, हेही पाहावे लागते. 2014 साली सर्वाधिक उल्लेखांच्या निबंधांची मोजणी झाली. पहिला आला 1951 सालचा लॉरी व त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध; उल्लेख 3,05,000 हून अधिक. त्यात आहे द्रावणातील प्रथिनांचे प्रमाण मोजण्याची एक रीत. प्रयोगशाळेत ती नित्य लागे, म्हणून तिचे नाव नित्य येई. उलट डीएनएची दुपेडी रचना सांगणारा वॉटसन आणि क्रिक यांचा 1953 सालचा निबंध पहिल्या शंभरांतही नव्हता! आणि मेंडेलचा 1866 सालचा वाटाण्यांवरचा निबंध तर 1900 पर्यंत जवळजवळ दुर्लक्षितच राहिला.

आता आपल्या घरची गोष्ट. गारफिल्ड यांच्याच संस्थेने नियतकालिकांसाठी ‘प्रभावांक’ काढला : आधीच्या दोन वर्षांतील लेखांचे यंदा झालेले उल्लेख, भागिले त्या लेखांची संख्या. म्हणजे ही सरासरी. वर्गात दोघे हुशार असले की सरासरी चढते. त्यावरून तिसऱ्या मुलाला गुण देता येतील काय? पण झाले तसेच. 2010 साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या नेमणुका व बढत्या यांसाठी गुणांची पद्धत आणली; निबंधाला गुण, आणि नियतकालिकाच्या प्रभावांकानुसार त्यांत भर. लगोलग पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पेव फुटले. विद्यापीठांच्या शिफारशींवरून आयोगाच्या मान्य यादीत आलेल्या 1,009 नियतकालिकांची तपासणी पुण्याच्या विद्यापीठातील अभ्यासकांनी केली आणि 2018 साली ‘करंट सायन्स’मध्ये निष्कर्ष छापला : सुमारे 88 टक्के कसोटीला उतरत नाहीत. 2019 साली नवी, गाळलेली यादी आली. 2025 साली आयोगाने तीही बंद केली आणि निवडीची जबाबदारी संस्थांवर सोपवली.

यात नुकसान कोणाचे? जो तरुण पाच वर्षे एकाच कठीण प्रश्नापाशी बसतो, त्याचे. दहा किरकोळ निबंध छापणारा त्याच्या पुढे निघून जातो. आणि शेवटी नुकसान आपले, कारण त्या कठीण प्रश्नांत आपली पिके, आपले आजार, आपले पाणी असते.

हिशेब ठेवावा, यात शंका नाही. कोणते काम वाचावे हे तो सांगतो. वाचण्याचे श्रम मात्र तो वाचवीत नाही. सॅन फ्रान्सिस्कोस 2012 साली जमलेल्या संपादकांनी व प्रकाशकांनीही हेच बजावले : नियतकालिकाच्या अंकावरून माणूस जोखू नका, त्याचे काम पाहा. आपल्यापैकी कोणी शिक्षणसंस्थांच्या नियामक मंडळांवर आहेत, कोणी निवडसमित्यांवर बसतात. उमेदवार समोर आला की किती छापले, हे जरूर विचारा. पण त्याआधी, काय शोधले, हे विचारा, आणि त्याचे उत्तर शांतपणे ऐकून घ्या.