‘बुडाला’ असं लिहिलं



मी कवितेवर बोलेन असं तुम्हाला वाटलं असेल. आज कविता नाही. आज मढ्यावर बोलायचंय.

गेल्या पावसाळ्यात धक्क्याला प्रेत लागलं. आमच्यासारखाच कंत्राटी गडी. हवालदार मला म्हणाला, पंच म्हणून सही कर. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ला पंच म्हणून ‘प्रतिष्ठित’ रहिवासी लागतात. गोण्या वाहणारा मी दहा मिनिटांपुरता प्रतिष्ठित झालो! कागदावर आधीच लिहिलेलं : दारूच्या नशेत पाय घसरून बुडाला. मी सही ठोकली.

त्या सहीने झोप उडवली. मग वाचलं. शवागारातल्या एका कामगाराला गाठलं. (तिथं चिरणारा बहुतेकदा आपलाच असतो, लिहिणारा साहेब.)

पाण्यात सापडला म्हणजे पाण्यात मेला असं नाही. तळव्यांची कातडी पांढरी पडून सुरकुतते, ती मेल्यावर टाकलेल्याचीही सुरकुतते. नाकातोंडाशी बारीक, चिवट फेस, पुसून छाती दाबली की पुन्हा येणारा, ही बुडाल्याची खूण. पण तसा फेस काही विषांनी, हृदयविकारानेही येतो, आणि देह सडला की जातो. मुठीत शेवाळ आवळलेलं असेल, तर गडी पाण्यात जिवंत होता.

आता हाड. पाण्यात डोळ्यांना न दिसणारं एक शेवाळ असतं, डायाटम. त्याचं कवच सिलिकाचं, काचेच्या जातीचं. बुडणारा पाणी ओढतो, फुप्फुसातून ती कवचं रक्तात जातात, आणि हृदय चालू असेल तरच रक्त ती मांडीच्या हाडातल्या मज्जेपर्यंत नेतं. मढं फेकलं तर पाणी फुप्फुसात शिरेलही, पण हाडापर्यंत नेणार कोण? मज्जा नायट्रिक ॲसिडमध्ये टाकतात. मांस विरघळतं, कवच उरतं. खाऱ्या पाण्याचं डायाटम वेगळं, गोड्याचं वेगळं. बादलीत डोकं दाबून मारला नि खाडीत टाकला, तर हाडात खाडी सापडायची नाही.

पण ही चाचणी म्हणजे देववाणी नव्हे. नीट न धुतलेल्या भांड्यांतूनही कवचं येतात, आणि खरोखर बुडालेल्याच्या हाडात कधी एकही मिळत नाही. १९२१ साली न्यूयॉर्कच्या गेटलरने हृदयाच्या डाव्याउजव्या बाजूच्या रक्तातलं क्लोराइड मोजायची युक्ती काढली. आज तिच्यावर कुणी विसंबत नाही. म्हणून डॉक्टरने आधी बाकी सगळं बघायचं असतं : डोक्याची जखम, गळ्यावरचा वळ, व्हिसेऱ्यातलं विष. आणि दारू? ती हवालदाराच्या नाकाने ठरत नाही, रक्तात मोजतात.

शिवाय ताडून बघायला पाणी लागतं. प्रेत मिळालं तिथलंच, स्वच्छ बाटलीत भरलेलं. त्या दिवशी धक्क्यावर बाटली कुणी आणली नाही. मी तिथंच उभा होतो, हातात चहाचा ग्लास घेऊन.

सोमवारी त्याच्या बायकोबरोबर शवविच्छेदनाचा अहवाल मागायला जातोय. मज्जा काढली की नाही, ते बघायचंय. यायचं त्याने सकाळी नऊला गोदीच्या गेटावर यावं.