मसाल्याचा डबा आणि आहाराची मर्यादा



अन्न किती दिवस टिकेल, असा प्रश्न जग विचारते. जैन गृहस्थाच्या स्वयंपाकघरात त्याआधी दुसरा प्रश्न विचारला जातो : ते किती दिवस ग्राह्य आहे? दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा हिवाळ्यात ७, उन्हाळ्यात ५ व पावसाळ्यात ३ दिवस मानली जाते. दमट हवेत बुरशी व जीवाणू झपाट्याने वाढतात, हे आजचे विज्ञानही सांगते.

अन्न बिघडते ते मुख्यतः दोन कारणांनी. त्यात सूक्ष्म जीव वाढतात, किंवा त्यातील स्निग्धांश हवेतील प्राणवायूने खवट होतो. मसाल्याच्या डब्यातील औषधी वनस्पती या दोन्हींना अटकाव करतात. लवंगेतील युजेनॉल, दालचिनीतील सिनॅमाल्डिहाइड व ओव्यातील थायमॉल सूक्ष्म जीवांच्या पेशींचे आवरण दुबळे करतात. मोहरी कुटून ओलावली की तिच्यातील झणझणीत द्रव्य मोकळे होते व ते बुरशीला रोखते. हळदीतील कर्क्युमिन आणि तिळाच्या तेलातील सेसॅमॉलसारखे घटक खवटपणा लांबवतात. कोकम, चिंच व लिंबू यांचे कार्य आंबटपणाचे आहे. पदार्थाचा सामू ४.६ पेक्षा खाली गेला की बोट्युलिझमचे विष निर्माण करणारा जीवाणू वाढू शकत नाही.

अन्नरक्षणाच्या चर्चेत लसणाचे नाव हटकून येते. कंदमूळ वर्ज्य करणाऱ्या घरांचे त्यावाचून काही अडलेले नाही. ओले आले व ओली हळद न घेणाऱ्या अनेक कुटुंबांत सुंठ व वाळलेली हळद मात्र चालते. ओलावा गेला की सूक्ष्म जीवांच्या वाढीचा आधारच जातो. वाळवण हा अन्न टिकविण्याच्या सर्वात प्राचीन उपायांपैकी एक होय.

तथापि येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. प्रयोगशाळेत जीवाणूंना रोखणारे तेल वा अर्क हे पुष्कळ तीव्र असतात. भाजीत पडणाऱ्या चार लवंगांत ते सामर्थ्य नसते. शिवाय मसालाही दमट झाला की त्याला बुरशी लागते. मिरचीसारख्या मसाल्यात त्या बुरशीपासून अफ्लाटॉक्सिन हे विष निर्माण होऊ शकते, आणि ते शिजवूनही पुरते नष्ट होत नाही. म्हणून मसाले अख्खे साठवावेत, थोडेथोडे कुटावेत, कोरड्या बरणीत ठेवून कोरड्या चमच्यानेच घ्यावेत. वेष्टनावरील ‘नैसर्गिक’ हा शब्द वाचून मर्यादेचा विसर पडू देऊ नये.

परंपरेने हा विवेक पाण्याच्या उदाहरणाने फार सुंदर शिकविला आहे. दिगंबर आचारात गाळलेल्या पाण्याची मर्यादा एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटे. त्यात लवंगेसारखे द्रव्य घालून ते प्रासुक केले की ६ तास, आणि उकळले की २४ तास. लवंगेचा गुण पूर्वजांनी ओळखला, त्याला मानही दिला. पण तो मान ६ तासांचाच. लवंग घातली म्हणून पाणी कायमचे निर्दोष झाले, असे त्यांनी कधी मानले नाही.

अन्न टिकविणे हे कौशल्य आहे, ते वेळेवर संपविणे हा संयम आहे. वनस्पती पहिल्यास साहाय्य करतात, दुसरा ज्याचा त्यालाच पाळावा लागतो. ताटापुरतेच रांधणाऱ्या घरात अन्न नासत नाही आणि जीवहिंसाही टळते.

जय जिनेंद्र!