खिशातील निखारा : ई-सिगारेट आणि चार्ज होणाऱ्या बॅटऱ्यांविषयी

(अधारताल, जबलपूर येथील मराठी कुटुंबांपुढे दिलेल्या आरोग्यविषयक भाषणाचा मजकूर)



मागच्या बैठकीनंतर एका ताईंनी मला बाजूला बोलावले. मुलाच्या दप्तरात त्यांना ई-सिगारेट सापडली होती. “तो ऐकत नाही. निदान तिच्यासाठी न फुटणारी बॅटरी कोणती, ते तरी सांगा,” असे त्या म्हणाल्या. हा प्रश्न आईच्या काळजीतून आला होता, म्हणून त्याचे उत्तर आज सर्वांसमोर देत आहे.

पहिले उत्तर स्पष्ट आहे. ई-सिगारेटसाठी सुरक्षित बॅटरी सुचविता येत नाही, कारण बॅटरी कितीही चांगली असली तरी निकोटीनचे व्यसन तसेच राहते. भारतात २०१९ च्या कायद्यान्वये ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात प्रतिबंधित आहे. विक्रीच्या पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. चोरून विकल्या जाणाऱ्या वस्तूची तपासणी कोणीही केलेली नसते, हेही ध्यानात घ्यावे.

धोका काल्पनिक नाही. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ या काळातील १९५ आगी व स्फोटांची नोंद केली. त्यांत १३३ जणांना इजा झाली. यांपैकी ६१ घटना उपकरण किंवा सुटी बॅटरी खिशात असताना घडल्या. लिथियम-आयन सेलमधील द्रव ज्वलनशील असतो. नाणी वा किल्ल्यांमुळे सेलची दोन टोके जोडली गेली, की क्षणात उष्णता वाढते आणि मांडी, हात होरपळतात.

असेच सेल आपल्या टॉर्चमध्ये, पंख्यात आणि पॉवर बँकेतही असतात. म्हणून घरासाठी खरेदी करताना पुढील काळजी घ्यावी :

• भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह, आयएस १६०४६ हा क्रमांक आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर पडताळता येतो.
• १८ मिलिमीटर जाडीच्या व ६५ मिलिमीटर लांबीच्या सेलवर ९९०० एमएएच असे लिहिलेले असल्यास तो घेऊ नये. या आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता साधारण ३५०० एमएएचच्या आसपास असते.
• जुन्या लॅपटॉपमधून काढलेले, वेष्टन फाटलेले, फुगलेले किंवा पडून चेपलेले सेल वापरू नयेत.
• उपकरणासोबतचा किंवा उत्पादकाने सांगितलेलाच चार्जर वापरावा. रात्री उशीखाली, गादीवर किंवा घराबाहेर पडण्याच्या वाटेवर चार्जिंग करू नये.
• सुटे सेल प्लास्टिकच्या डबीत ठेवावेत. निकामी सेलच्या टोकांवर चिकटपट्टी लावून तो ई-कचरा संकलन केंद्रात द्यावा. चुलीत किंवा ओल्या कचऱ्यात कदापि टाकू नये.

सेलमधून धूर किंवा सूं-सूं आवाज येऊ लागला, तर तो हातात न घेता सर्वांनी तत्काळ बाहेर पडावे आणि ११२ वर कळवावे. भाजल्यास अंगठी, बांगडी व न चिकटलेले कपडे काढून तो भाग वीस मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरावा. हळद, टूथपेस्ट, तूप, बर्फ यांपैकी काहीही लावू नये. डोळ्यांत द्रव उडाल्यास पाण्याने धूत राहून रुग्णालय गाठावे. ई-सिगारेटमधील द्रव लहान मुलाने गिळल्यास तो विषबाधेचा प्रसंग समजावा. उलटी करविण्याचा प्रयत्न न करता त्वरित रुग्णालयात न्यावे.

त्या ताईंना मी शेवटी एवढेच सांगितले, की मुलाला मारू नका आणि चारचौघांत लाजवू नका. भीतीपोटी तो ती वस्तू अधिक खोल खिशात लपवील, आणि धोका नेमका तिथेच आहे. त्याला जवळ बसवून विचारा, की सवय केव्हापासून आहे. व्यसन सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर निःशुल्क समुपदेशन मिळते. पहिला फोन त्याने करावा. शेजारी आपण बसावे.