स्वयंचल यंत्रांचे शास्त्र आणि गावचे रोहित्र

(बीड येथे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



संगणकशास्त्राच्या सैद्धान्तिक शाखेत ‘ऑटोमाटा सिद्धान्त’ या नावाचा एक विषय आहे. त्यास आपण स्वयंचल यंत्रांचा सिद्धान्त म्हणू. मी कला शाखेचा पदवीधर असल्याने त्यातील गणिताचा अधिकारी नाही. तथापि, या शास्त्राचा मूळ विचार आपल्या विहिरीवरील मोटारीशी आणि गावच्या रोहित्राशी इतका निगडित आहे की, तो आपणांपुढे मांडावा असे वाटले.

विचार साधा आहे. कोणतेही स्वयंचल यंत्र दिलेल्या क्षणी काही ठरावीक अवस्थांपैकी एका अवस्थेत असते. बाहेरून एखादी सूचना आली की ते ठरलेल्या नियमानुसार दुसऱ्या अवस्थेत जाते. मागे काय घडले, यांपैकी जेवढे त्या अवस्थेत सामावले असेल तेवढेच त्याला ठाऊक असते.

येथे उपस्थित असलेल्या शिक्षकांपैकी अनेकांनी मतदान अधिकारी म्हणून काम केले आहे. मतदान यंत्राचे वर्तन त्यांनी आठवावे. अधिकाऱ्याने ‘बॅलट’ कळ दाबल्यावाचून यंत्र मत स्वीकारीत नाही. एक मत नोंदले गेले की ते पुन्हा बंद अवस्थेत जाते. मतदाराने दुसऱ्यांदा कळ दाबली तरी काही होत नाही. ‘क्लोज’ कळ दाबल्यानंतर मत घेता येत नाही आणि त्याआधी निकाल पाहता येत नाही. मतदाराच्या किंवा अधिकाऱ्याच्या हेतूचा येथे प्रश्नच उद्भवत नाही. अवस्थांचा क्रमच तसा बांधलेला आहे.

या विचाराला शास्त्राचे रूप विसाव्या शतकात आले. यंत्राने मुळात काय करता येते, याचा मूलभूत विचार ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ साली मांडला. कोणताही संगणकीय कार्यक्रम कधी तरी थांबेल की नाही, हे सर्व बाबतींत सांगणारी एकच यांत्रिक रीत असू शकत नाही, असे त्यांनी सिद्ध केले. पुढे १९५९ साली मायकेल राबिन आणि डॅना स्कॉट यांनी मोजक्या अवस्था असलेल्या यंत्रांचा पायाभूत अभ्यास प्रसिद्ध केला. अशा सान्त यंत्रांविषयीच्या महत्त्वाच्या प्रश्नांची उत्तरे निश्चितपणे काढता येतात, हे त्यांनी दाखविले. या कार्याबद्दल दोघांना १९७६ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

आता विहिरीवर येऊ. ज्या शेतकऱ्याची विहीर वस्तीपासून दूर आहे आणि वीज कोणत्या क्षणी परत येईल याचा भरवसा नाही, तो स्टार्टरला ऑटोस्विच जोडतो. वीज आली की मोटार आपोआप सुरू होते. काळोखात सापा-विंचवाची वाट तुडवावी लागत नाही. त्या एका शेतकऱ्यापुरते पाहिले तर यंत्रात काहीही दोष नाही.

परंतु एका रोहित्रावर अशी पंधरा यंत्रे असतील तर काय घडते? पाच अश्वशक्तीची मोटार चालू असताना सुमारे सात अँपिअर प्रवाह घेते. पंधरा मोटारींचे १०५ होतात. शंभर केव्हीए क्षमतेचे रोहित्र सुमारे १३९ अँपिअरपर्यंत भार वाहू शकते. म्हणजे हिशेब बसला. मात्र सुरू होण्याच्या काही सेकंदांत मोटार पाच ते सात पट प्रवाह ओढते. पाच पट धरली तरी पंधरा मोटारी एकाच क्षणी ५२५ अँपिअर मागतात. विजेचा दाब घसरतो, मोटारी वेग पकडू शकत नाहीत, जादा प्रवाह लांबत जातो आणि फ्यूज उडतो किंवा रोहित्र जळते. मग ऐन पाण्याच्या पाळीत पंधराही शेते कोरडी राहतात. ऑटोस्विच काढून टाकावेत, असे आवाहन महावितरण शेतकऱ्यांना करीत आले आहे, त्याचे कारण हेच.

दोष पंधरांपैकी कोणत्याही एका यंत्रात नाही. तो त्यांच्या एकत्र येण्यात आहे. बंद, सुरू होत असलेली आणि चालू अशा प्रत्येक मोटारीच्या तीन अवस्था धरल्या, तर पंधरा मोटारींच्या मिळून १ कोटी ४३ लाख ४८ हजार ९०७ अवस्था होतात. एवढ्या अवस्था हाताने तपासणे अशक्य; संगणकाने मात्र शक्य आहे. अशा तपासणीची पद्धती १९८१ च्या सुमारास पुढे आली. तिच्या उभारणीबद्दल एडमंड क्लार्क, ॲलन एमर्सन आणि जोसेफ सिफाकिस यांना २००७ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. व्यवस्था चुकू शकत असेल, तर कोणत्या क्रमाने घटना घडल्यास ती चुकेल, तो मार्गच ही पद्धती दाखवून देते.

तरीही एक उणीव राहते. मोटारीचा प्रश्न काळाचा आहे, आणि साध्या स्वयंचल यंत्राजवळ घड्याळ नसते. येथे महाराष्ट्राशी नाते असलेले एक नाव सांगावयास हवे. पुण्यात जन्मलेले, कानपूरच्या आयआयटीतून पदवी घेतलेले राजीव अलूर आणि त्यांचे सहकारी डेव्हिड डिल यांनी अवस्थांना घड्याळे जोडणारी ‘कालबद्ध स्वयंचल’ यंत्रे १९९० साली मांडली आणि १९९४ साली त्यांचा सविस्तर सिद्धान्त प्रसिद्ध केला. काळाचे क्षण अनंत असले तरी त्यांचे सान्त गट पाडता येतात, त्यामुळे एखाद्या धोक्याच्या अवस्थेपर्यंत यंत्र पोहोचू शकते की नाही, हे निश्चितपणे ठरविता येते, हे त्यांचे मोठे योगदान होय. अलूर यांना २०२४ चा क्नुथ पुरस्कार मिळाला. मुंबईतही या क्षेत्रात मोलाचे काम झाले आहे. १९६० साली टिफ्रॅक हा संगणक कार्यान्वित करणाऱ्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परितोष पंड्या यांनी कालविषयक अटींचे स्वयंचल यंत्रांत रूपांतर करून त्या तपासणारे ‘डीसीव्हॅलिड’ हे साधन तयार केले.

आपल्या रोहित्राला हा विचार लावून पाहू. वीज आल्यावर प्रत्येक मोटार आधीच्या मोटारीनंतर दहा सेकंदांनी सुरू झाली आणि पाच सेकंदांत तिने वेग घेतला, तर शेवटच्या मोटारीच्या वेळी चौदा चालू मोटारींचे ९८ आणि सुरू होणाऱ्या एकीचे ३५ असे १३३ अँपिअर होतात. रोहित्र सुरक्षित राहते आणि अडीच मिनिटांत सर्वांना पाणी मिळते. पण दाब कमी असल्याने एखादीस बारा सेकंद लागले तर? मध्येच वीज जाऊन परत आली तर कोणाचे घड्याळ शून्यावर येईल? हेच प्रश्न हे शास्त्र आधी विचारावयास लावते. हा हिशेब ऑटोस्विच बसविण्याचा सल्ला नव्हे. तो न तपासता का बसवू नये, याचे कारण आहे.

पंचायत सदस्यांना एवढीच विनंती आहे. पाणीपुरवठ्याचा पंप असो वा पथदिव्यांचे स्वयंचलित यंत्र असो, खरेदीपूर्वी चार प्रश्न विचारावेत. याच्या अवस्था किती? कोणत्या सूचनेने ते बदलते? वीज जाऊन परत आल्यावर ते कोणत्या अवस्थेत येते? आणि अशी अनेक यंत्रे एकाच वेळी चालली तर काय होईल? शिक्षकांनी वर्गात फळ्यावर वर्तुळे व बाण काढून मोटारीच्या अवस्था मुलांकडून रेखाटून घ्याव्यात. त्यासाठी खडूखेरीज कोणतेही साहित्य लागत नाही.

शेजाऱ्याची मोटार आपल्या मोटारीबरोबर कशी चालेल, हा विचार गावाला नवीन नाही. पाण्याच्या पाळ्या लावताना आपण तो पिढ्यान् पिढ्या करीत आलो आहोत. यंत्रांच्या पाळ्या लावण्याचे शास्त्र आज उपलब्ध आहे; त्याचा उपयोग रोहित्र जळण्यापूर्वी करावा, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.