संगणकासाठी लिनक्सचे वाण कोणते निवडावे?
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आजचा विषय वरकरणी यंत्राचा दिसतो. परंतु त्यात मंडळाचा पैसा आणि आपल्या मुलांचे शिक्षण या दोहोंचा प्रश्न गुंतलेला आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. जुन्या लॅपटॉपांपैकी अनेक विंडोज ११ स्वीकारीत नाहीत. चालते यंत्र भंगारात घालावयाचे काय? आमचे उत्तर नकारार्थी आहे. त्यावर लिनक्स घालावी.

लिनक्सचा गाभा लिनस टॉरव्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली लिहिला व तो सर्वांस खुला केला. त्या गाभ्यावर निरनिराळ्या मंडळींनी आपापली वितरणे रचली. नवख्याचा गोंधळ होतो तो येथेच. परंतु बारामती-इंदापूरच्या ऊसकऱ्यास हा प्रकार अपरिचित नाही. ऊस एकच, वाण अनेक. को ८६०३२ सर्वत्र दिसतो. चोपण रानात मात्र पाडेगावच्या केंद्राचा फुले २६५ अधिक तग धरतो. जमीन पाहून बेणे, तसे काम पाहून वितरण.

विद्यार्थ्याच्या लॅपटॉपास आम्ही लिनक्स मिंट सुचवितो. तिची मांडणी विंडोजची सवय असलेल्यास परकी वाटत नाही. २ गिगाबाइट स्मृतीवर ती चालते, ४ असल्यास सुखाने चालते. २०२४ साली आलेल्या मिंट २२ ला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळावयाच्या आहेत.

सर्व्हरची गोष्ट निराळी. तेथे नावीन्य नको, स्थैर्य हवे. १९९३ साली सुरू झालेले डेबियन स्वयंसेवकांच्या सहकारावर उभे आहे. त्याच्या प्रत्येक स्थिर आवृत्तीची सुमारे पाच वर्षे निगा राखली जाते. सी-डॅकची 'बॉस' ही भारतीय प्रणालीही डेबियनवरच बेतलेली आहे. मिंट उबुंटूवर आणि उबुंटू डेबियनवर आधारलेली असल्यामुळे एकीवर हात बसलेला मुलगा दुसरीही सांभाळू शकतो. गावात दुरुस्त करणारा माणूस मिळणे, हा लाभ लहान नव्हे.

बेणे घेताना आपण खोडवा कसा येईल हे विचारतो. तसेच वितरण किती वर्षे टिकेल व ते कोणाच्या हाती आहे हे विचारावे. सेंटओएस ८ ची देखभाल २०२९ पर्यंत होईल या भरवशावर पुष्कळांनी सर्व्हर उभे केले. डिसेंबर २०२० मध्ये धोरण बदलले आणि २०२१ च्या अखेरीस ती देखभाल संपली. पुढे रॉकी व अल्मा ही वितरणे निघून पुष्कळांची सोय झाली. तरी स्थलांतराचा खटाटोप चुकला नाही.

अडचणीही सांगितल्या पाहिजेत. टॅली लिनक्सवर थेट चालत नाही. म्हणून हिशेबनिसाचे यंत्र तूर्त आहे तसे राहू द्यावे. युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेली जुनी इतिवृत्ते आधी युनिकोडमध्ये उतरवून घ्यावीत. कोणत्याही लॅपटॉपवर प्रथम पेनड्राइव्हवरून प्रणाली चालवून पाहावी. त्याने आतील मजकुरास धक्का लागत नाही. वायफाय, छपाईयंत्र आणि मराठी कळफलक यांची परीक्षाही होते. महत्त्वाच्या मजकुराची प्रत निराळी काढल्यावाचून पुढचे पाऊल टाकू नये.

मंडळाने यंदा घरोघरी पडून असलेले लॅपटॉप गोळा करावेत, आपल्याच महाविद्यालयीन मुलांकडून ते सज्ज करून घ्यावेत आणि गरजू विद्यार्थ्यांस द्यावेत, अशी आमची विनंती आहे. प्रणालीस मूल्य पडत नाही. श्रम मात्र आपणांसच करावे लागतील. ते करण्याची उमेद आपल्या तरुणांत आहे, असा आमचा विश्वास आहे.